‘द सेट-अप’ (१९४९): बहात्तर मिनिटांची एक रात्र. तुमचा अनुभव लिहा

काळ्यापांढऱ्या बॉक्सिंगपटांचा विषय निघाला की सगळे स्कॉर्सेसीच्या ‘रेजिंग बुल’कडे धावतात. धावू देत. हा धागा त्याच्या ३१ वर्षं आधीच्या, रॉबर्ट वाइझच्या ‘द सेट-अप’साठी. पस्तिशीचा, उतरणीला लागलेला बॉक्सर स्टोकर थॉम्पसन. टायनी या त्याच्या मॅनेजरने एका गुंडाकडून ५० डॉलर घेऊन लढत विकलेली, आणि गडी हरणारच या खात्रीने त्याला सांगायची तसदीही घेतलेली नाही. गोष्ट एवढीच. सिनेमा ७२ मिनिटांचा आणि गोष्टही तेवढ्याच वेळात घडते. सुरुवातीला रस्त्यावरच्या घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झालेली असतात, संपतो तेव्हा सव्वादहा वाजून गेलेले.

यात फ्लॅशबॅक नाही, ‘दहा वर्षांनंतर’ नाही, तरी त्या माणसाचं अख्खं आयुष्य कळतं. ते कसं, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय. कुठे पाहिलात, काय अंगावर आलं, काय खटकलं? शेवट फुटला तरी चालेल, सिनेमाने पंच्याहत्तरी ओलांडली आहे.

पुण्याहून, संकलनाचं काम करणारी

आम्हाला हा अभ्यासाला होता, तेव्हा मी तो आवाज बंद करूनच जास्त वेळा पाहिला. वाइझ मूळचा संकलक, ‘सिटिझन केन’ त्यानेच कापलेला. इथली लढत त्याने तीन कॅमेऱ्यांनी टिपली: एक अख्ख्या रिंगवर, एक दोघा बॉक्सरांवर, आणि तिसरा हातात धरून ग्लोव्ह, चेहरे, जे सापडेल ते पकडणारा. टेबलावर असा माल आला की मोह होतो सगळं वापरायचा. वाइझ मात्र ठोशावरून उठून प्रेक्षकांत जातो. एक जाडा माणूस पूर्ण वेळ काहीतरी खातोय. एकजण समोर लढत चालू असताना कानाशी रेडिओ धरून बेसबॉल ऐकतोय. एका आंधळ्याला शेजारचा मित्र ठोसे सांगतोय, आणि ओरडण्यात तो कुणाला मागे नाही. आत शिरताना ‘मला नाही बाई बघवत’ म्हणणारी बाई तिसऱ्या फेरीपर्यंत रक्ताची भुकेली झालेली असते.

आणि या सगळ्यांच्या मधे ती रिकामी खुर्ची. बायकोसाठी राखलेली. स्टोकर तिकडे बघतो, खुर्ची दिसते, परत त्याचा चेहरा. संवाद लिहून हे दुःख इतक्या स्वस्तात मिळालं नसतं.

नागपूरहून, मुलांना बॉक्सिंग शिकवतो

स्टोकर झालेला रॉबर्ट रायन डार्टमाउथ कॉलेजात असताना खरोखर हेवीवेट गटात खेळलेला होता. ते न सांगताही कळतं. गार्ड घेतल्यावर त्याची हनुवटी आपोआप खाली जाते. नट मंडळी हनुवटी वर ठेवून लढतात, कारण चेहरा दिसायला हवा. लढत बसवणारा जॉन इंड्रिसानो स्वतः माजी बॉक्सर. दमल्यावर हात कसे खाली येतात, समोरच्याला मिठी मारून श्वास कसा चोरायचा, हे सगळं बरोबर आहे.

पण एक सांगतो, रागावू नका. चार राऊंडांत एवढे नेमके ठोसे कुणी खात नाही. माझ्या रिंगणात यातले अर्धे जरी बसले तरी मी लढत थांबवीन. मला सिनेमाचा पहिला अर्धा भागच जास्त खरा वाटतो. ड्रेसिंग रूममधून पोरं एकेक करून बाहेर जातात, एकेक करून परत येतात. त्यांच्या लढती कॅमेरा जवळजवळ दाखवतच नाही. कोण जिंकलं हे दारातून आत येणाऱ्या चालीवरून ओळखायचं. हाताला पट्ट्या बांधताना कुणी बडबडतं, कुणाला मळमळतं. हे मी दर स्पर्धेला बघतो.

कोल्हापूरहून, निवृत्त शिक्षक

नातवानं लावून दिला. इंग्रजी निम्मं कळलं नाही, अडलं काही नाही. फडात बसून आयुष्य गेलेल्या माणसाला हे बघे ओळखीचे आहेत हो. आमच्याकडं नुरा कुस्ती म्हणजे दोन्ही पैलवान आतून सामील. पब्लिकला दोन-चार पकडीत वास लागतो, मग शिव्या, मग दगडसुद्धा. इथं तर उलटंच! ज्याची कुस्ती विकली त्यालाच पत्ता नाही. शेवटच्या राऊंडाच्या तोंडावर मॅनेजर सांगतो, ‘पड आता.’ गुंडाचं नाव सांगतो, तरी गडी ऐकत नाही. नुसता अभिमान म्हणाल तर मला तसं वाटत नाही. तीन राऊंड मार खाऊन त्याला नुकतं कळलंय की आज आपण जिंकू शकतो, आणि ते कळल्यावर कोण पडंल?

मुंबईहून

सॉरी, पण मला मधला भाग रटाळ वाटला. ती बायको नुसती रस्त्यांवरून फिरतेय, फिरतेय.

ठाण्याहून

वरच्या प्रतिसादाला: माझ्यासाठी सिनेमा तिथेच आहे. माझा नवरा कबड्डी खेळायचा. गुडघा गेला आहे असं सांगून झाल्यावरही ‘ही एक स्पर्धा होऊ दे’ चालू होतं. मी सामन्याला जाणं सोडलं होतं. घरी बसायचे, भाजी निवडायचे, आणि मैदानातल्यापेक्षा वाईट चित्रं डोळ्यांसमोर आणायचे. ज्युली, म्हणजे स्टोकरची बायको, पुलावर उभी राहून लढतीच्या तिकिटाचे तुकडे करते आणि खालून जाणाऱ्या ट्रामवर सोडून देते, तेव्हा ती नवऱ्याला सोडत नाहीये. फक्त ते बघणं तिला आता नको आहे. ऑड्री टॉटरने हे फारसं न बोलता केलंय.

शेवटी त्याचा हात चिरडलेला, म्हणजे खेळ कायमचा बंद. तो म्हणतो मी जिंकलो, आणि ती म्हणते आपण दोघंही जिंकलो. नवऱ्याला हे वाक्य गोड वाटलं. मला ते भयंकर वाटतं, कारण तिला मनातून हेच हवं होतं आणि ते असं मिळालं. आमची यावर अजून भांडणं होतात.

साउंडवाला, सध्या हैदराबाद

कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो: याला पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. जे वाजतं ते त्या गल्लीत कुठेतरी वाजत असतं, डान्स हॉलमध्ये किंवा रेडिओवर. गुंड त्याला बोळात गाठतात तेव्हा बँड जोरात चालू आहे, भिंतीवर वादकांच्या सावल्या हलताहेत, आणि हातावर वीट पडताना आपल्याला दाखवत नाहीत. आज कुणी हा प्रसंग माझ्याकडे दिला तर दिग्दर्शक पहिल्यांदा हाडाचा आवाज मागेल.

न्यू जर्सीहून

कौतुकात एक खडा टाकतो. हा सिनेमा जोसेफ मॉन्क्युअर मार्च यांच्या १९२८ च्या दीर्घकवितेवरून घेतलाय. कवितेतला बॉक्सर, पॅन्झी जोन्स, काळा आहे, आणि त्याच्या वाट्याला जे येतं त्यात वर्णाचा वाटा मोठा आहे. सिनेमात तो गोरा झाला. जेम्स एडवर्ड्स या काळ्या नटाला दुसऱ्या एका बॉक्सरची छोटी भूमिका मिळाली. ती सन्मानाने लिहिली आहे, एडवर्ड्स दिसतोही झकास, पण गोष्ट त्याची राहिली नाही. मार्च यांनाही हा बदल रुचला नव्हता. मी आधी सिनेमा पाहिला, मग कविता वाचली, आणि त्यानंतर मला सिनेमा पूर्वीइतका निखळ आवडू शकला नाही.

सांगलीहून, डॉक्टर

न्यू जर्सीकरांनी १९२८ लिहिलं आणि आठवलं: त्याच वर्षी हॅरिसन मार्टलंड यांचा ‘पंच ड्रंक’, म्हणजे डोक्यावर ठोसे खाऊन मेंदूवर परिणाम झालेल्या, बॉक्सरांवरचा वैद्यकीय लेख आला. सिनेमात गनबोट जॉन्सन नावाचा म्हातारा झालेला बॉक्सर आहे. अमका चॅम्पियन किती वेळा हरून मग अजिंक्य झाला, हे तो सारखं सांगत असतो. मार खाऊन परत आणल्यावर त्याला नाव विचारतात, तर तो त्या चॅम्पियनचंच नाव सांगतो. अपघातात डोक्याला मार लागलेल्या पेशंटला आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो. त्या ठिकाणी मी सिनेमा थांबवून चहा करायला उठले.

नागपूरहून, पुन्हा

डॉक्टर, हा प्रसंग मी पालकांच्या बैठकीत दाखवतो. दोघातिघांनी पोरं काढून घेतली. बाकीच्यांची निदान हेडगार्डबद्दलची कुरकुर थांबली.

पुण्याहून, पुन्हा

नागपूरकर, ठोशांच्या संख्येबद्दल मान्य. ज्यांना जुनी डीव्हीडी मिळेल त्यांनी वाइझ आणि स्कॉर्सेसी यांचं समालोचन ऐका. ‘रेजिंग बुल’वाले तिकडूनही इथे येतील.