कायरोप्रॅक्टिक उपचारांआधी आईचा एमआरआय करून घ्यावा का?

प्रश्न (मालवण परिसर)
माझी आई ६४ वर्षांची आहे. आषाढात विहिरीच्या चिऱ्याच्या पायरीवरील शेवाळावरून घसरून ती थेट बुडावर आपटली आणि तेव्हापासून तिची कंबर दुखते आहे. चुलीपाशी वाकली की उठताना तिला भिंत धरावी लागते. मुंबईहून महिन्यातून एकदा येणाऱ्या एका कायरोप्रॅक्टरांनी मणक्यांना झटका देऊन ते ‘बसवण्याचे’ आणि सोबत आयएफटी (पॅड लावून दिलेला सौम्य विजेचा प्रवाह), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा शेक) व ट्रॅक्शनची (कंबर ताणण्याची) दहा सत्रे घेण्याचे सुचवले आहे. घरात एक एक्स-रे आहे, त्याच्या रिपोर्टात कमरेच्या मणक्यांत झीज असल्याचे लिहिले आहे. एमआरआयसाठी कोल्हापूर गाठायचे तर घाटाचा प्रवास तिला सोसेल असे वाटत नाही. या एक्स-रेवर भागेल का?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, रत्नागिरी)
हा एक्स-रे पडण्याआधीचा आहे की नंतरचा, हे कृपया आधी पाहावे. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होत जातात आणि अशा हाडांत नुसते बुडावर आपटल्यानेही मणका चेपू शकतो. चेपलेल्या मणक्याला झटका देणे किंवा ट्रॅक्शन लावणे धोक्याचे आहे, म्हणून मणका चेपलेला नाही हे कळेपर्यंत त्यांच्या पाठीला कोणालाही हात लावू देऊ नका.

प्रथम कमरेचा नवा एक्स-रे काढून तो अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. बाजूने काढलेल्या फिल्मवर चेपलेला मणका बहुधा ओळखू येतो. मात्र तो ताजा आहे की जुना, हे ठरत नसेल तर एमआरआय उपयोगी पडतो, आणि तेव्हा कोल्हापूरची खेप करावीच. हाडांच्या घनतेसाठी डेक्सा तपासणीही विचारा. त्यात टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या घनतेशी केलेली तुलना) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडे ठिसूळ झाली असे समजतात.

‘झीज’ या शब्दाने मात्र घाबरू नका. पाठदुखी नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात मणक्यांमधल्या गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत आढळली होती. पायातली शक्ती कमी झाली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

उत्तर (देवगड)
आंबा काढणीनंतर माझी कंबर धरली तेव्हा मी आयएफटीची पंधरा सत्रे घेतली. पॅड लावलेले असेपर्यंत बरे वाटे आणि एसटीतून उतरेपर्यंत दुखणे परत येई. अखेर रोजचा व्यायाम आणि चालणे यांनीच मला उभे केले. ब्रिटनच्या नाइस या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या सूचनांतही कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड आणि आयएफटी देऊ नये असेच म्हटले आहे, आणि हाताने केलेले उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, असे सांगितले आहे.

प्रश्नकर्ता
फिल्म खिडकीच्या उजेडात धरून कोपऱ्यातली तारीख वाचली. ती तीन वर्षांपूर्वीची आहे, म्हणजे पडण्याच्या कितीतरी आधीची. कायरोप्रॅक्टरांकडची वेळ रद्द केली आहे आणि उद्या आईला अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेतो.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, रत्नागिरी)
जुनी फिल्म सोबत न्या, म्हणजे नव्याशी ताडून पाहता येईल. तोवर त्यांना विहिरीवरून कळशी उचलू देऊ नका आणि जाताना रिक्षाऐवजी गाडी करा.