म्युनिकला सहकुटुंब जायचंय, माझ्या नोकरीचं आणि मुलीच्या शाळेचं काय करू? मदत हवी आहे

निशिगंध:

नमस्कार मंडळी, जर्मनीत राहणाऱ्या किंवा राहून आलेल्या सगळ्यांचा सल्ला हवाय, जरा मोठं लिहितेय पण सगळं एकदम सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

नवऱ्याला म्युनिकमधल्या एका कंपनीकडून ऑफर आलीये. तो मेकॅनिकल डिझाइनमध्ये आहे, पगार वर्षाला साठ हजार युरो ब्रुटोच्या (म्हणजे टॅक्स आणि हप्ते कापण्याआधीच्या) आसपास, कॉन्ट्रॅक्ट परमनंट पण पहिले सहा महिने प्रोबेशन, जॉइनिंग एप्रिलमध्ये. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी लोकांसाठीचा राहण्याचा आणि कामाचा परवाना) होईल असं कंपनीची एचआर म्हणतेय. मुलगी ऑक्टोबरमध्ये नऊची झाली, मुलगा चार वर्षांचा आहे. मी बी.फार्म. आहे, हॉस्पिटल फार्मसीत बरीच वर्षं काम करतेय आणि मला माझं काम मनापासून आवडतं, ते सोडून नुसतं घरी बसायची कल्पना मला सहन होत नाही हे आधीच सांगते.

घरातल्या मोठ्यांचं म्हणणं असं की आधी त्याने एकट्याने जावं, प्रोबेशन संपू दे, घर बघू दे, मग आम्ही तिघं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाऊ. म्हणजे इथली माझी नोकरीही तेवढे महिने चालू राहील. ऐकायला बरोबर वाटतं पण मुलगी बाबाशिवाय राहायला अजिबात तयार नाही, आणि मलाही सहा महिने म्हणता म्हणता वर्ष होईल याची भीती वाटते.

तर प्रश्न असे की एकत्र जावं की मागून? एका पगारात चौघांचं म्युनिकमध्ये भागतं का? मला तिथे फार्मासिस्ट म्हणून काम मिळेल का, की दुसरं काही शिकावं लागेल? आणि मुलीला जर्मनचा एक शब्द येत नाही, तिला सरळ जर्मन शाळेत घालणं बरोबर होईल का? इंटरनॅशनल स्कूलची फी आम्हाला परवडणार नाही.

वाटसरू:

अभिनंदन! आधी पैशांचं सांगतो कारण त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. ब्लू कार्डची पगाराची अट 2025 मध्ये 48,300 युरो होती, दरवर्षी थोडी वाढते, तुमची ऑफर तिच्या बरीच वर आहे त्यामुळे ती काळजी नको. साठ हजारावर तुम्ही सगळे तिथे असाल आणि त्यांनी टॅक्स क्लास 3 (लग्न झालेल्यांसाठीचा, पगारातून कमी टॅक्स कापणारा गट) घेतला तर हातात महिन्याला साडेतीन हजार युरोच्या आसपास येतील. पण बायको युरोपियन युनियनच्या बाहेर राहत असेल तर क्लास 3 मिळत नाही, क्लास 1 लागतो आणि दर महिन्याला काही शे युरो कमी हातात येतात. किंडरगेल्डचंही (मुलांसाठी सरकार दरमहा देतं तो भत्ता) तसंच, मुलं भारतात असतील तर तुम्हाला ते मिळणार नाही. 2026 पासून ते मुलामागे महिना 259 युरो आहे, दोन मुलांचे 518. म्हणजे 'तो एकटा गेला की खर्च वाचेल' हा हिशोब वाटतो तेवढा सरळ नाही.

हेल्थ इन्शुरन्स सरकारी पद्धतीचाच लागेल, प्रायव्हेटला जाण्यासाठीची पगाराची मर्यादा 2025 मध्ये 73,800 होती. त्यात तुमचं नुकसान काहीच नाही, उलट तुम्ही कमवत नसाल तोवर तुम्ही आणि दोन्ही मुलं त्याच हप्त्यात कव्हर होता.

म्युनिकचं भाडं मात्र अंगावर येतं. दोन बेडरूमचं घर शहरात हीटिंग वगैरे धरून अठराशे ते दोन हजाराच्या खाली मिळालं तर नशीब समजा, त्यामुळे एस-बाननं (लोकल ट्रेननं) जोडलेली बाहेरची गावं बघा, डाखाउ, फ्राइझिंग, एर्डिंग बाजूला. एका पगारात भागतं, पण शिल्लक फार पडत नाही.

पारिजात:

ताई, मी तुमच्या मुलीबद्दल लिहिते कारण मला वाटतं तुमच्या सगळ्या प्रश्नांत वेळेचं बंधन फक्त तिच्याच बाबतीत आहे आणि ते कोणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

बायर्नमध्ये (म्युनिक ज्या राज्यात आहे ते, बव्हेरिया) प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते. चौथीत मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रगतिपुस्तक मिळतं आणि त्यावर मूल पुढे गिम्नाझियमला (युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा) जाणार, रिआलशूलला (मधली पातळी) की मिटेलशूलला (जास्त कामधंद्याकडे नेणारी) हे ठरतं. जर्मन, गणित आणि परिसर-विज्ञान या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, 2.66 पर्यंत रिआलशूल (इथे 1 म्हणजे सगळ्यात चांगला मार्क). तीनपैकी एक विषय जर्मन आणि बाकी दोनही जर्मनमधूनच.

आता तुमची मुलगी एप्रिलमध्ये आली तर वयाप्रमाणे ती तिसरीत बसेल. तिला तिसरीचे शेवटचे तीन-चार महिने मिळतील, मग ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मोठी सुट्टी, त्यात मैत्रिणी, खेळाचे क्लब, लायब्ररी. घरच्यांच्या प्लॅनप्रमाणे ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आली तर थेट चौथीत, भाषा शून्य, आणि आठ महिन्यांत हा निर्णय. दोन्हीत फार फरक आहे हो. माझी मोठी मुलगी साधारण याच वयात आली, पहिले काही महिने ती वर्गात जवळजवळ गप्प असायची, शिक्षिका सांगायच्या की काळजी करू नका ती सगळं ऐकतेय, आणि मग अचानक बोलायला लागली ते आता थांबत नाही. पण तो गप्प राहायचा काळ तिला मिळाला, चौथीच्या टेस्टच्या गर्दीत तो मिळाला नसता.

मुख्याध्यापकांशी बोलून तिला तिसरी पुन्हा करू द्या म्हणूनही विचारता येतं, नव्याने आलेल्या मुलांबाबत शाळा समजून घेतात. बायर्नमध्ये डॉइचक्लासं असतात, नव्या मुलांना आधी भाषा शिकवणारे वर्ग, पण प्रत्येक शाळेत नसतात, म्हणून घर ठरवताना जवळच्या शाळेत आहे का ते विचारा. आणि समजा गिम्नाझियम नाही मिळालं तरी दार बंद होत नाही, पाचवीनंतर बदलता येतं, रिआलशूलनंतर एफओएस (अकरावीपासूनची पुढची शाळा) करून पुढे शिकता येतं. इथले भारतीय आईबाप गिम्नाझियमचं फार टेन्शन घेतात आणि ते मुलांना कळतं, तेवढं टाळा.

आणि हो, शाळेत घालायचं का हा पर्यायच नाही, शाळा सक्तीची आहे, घरी शिकवणं चालत नाही.

निशिगंध:

पारिजात, मनापासून आभार, हे खरंच कोणीच सांगितलं नव्हतं, एचआरनेही नाही. मी आणि नवरा काल रात्री उशिरापर्यंत याच्यावरच बोलत होतो. वाटसरू, टॅक्स क्लासचंही माहीत नव्हतं, आता घरच्यांना आकड्यांत सांगता येईल.

पण प्रोबेशनमध्ये नोकरी गेली तर? चौघं तिथे, इथली माझी नोकरी सोडलेली, हा विचार आला की झोप येत नाही. आणि माझ्या कामाबद्दल कोणी सांगेल का प्लीज.

वाटसरू:

भीती रास्त आहे. प्रोबेशनमध्ये नोटीस दोन आठवड्यांची असते, कारण द्यावं लागत नाही. बेकारी भत्त्यासाठी मागच्या तीस महिन्यांत बारा महिने हप्ते भरलेले असावे लागतात, म्हणजे सुरुवातीला तोही नाही. पण ब्लू कार्ड त्याच दिवशी रद्द होत नाही, परदेशी नागरिकांच्या ऑफिसला कळवायचं आणि नवीन नोकरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. म्हणून माझं मत, चौघांचा चार-पाच महिन्यांचा खर्च आणि परतीची तिकिटं एवढे पैसे बाजूला असतील तर एकत्र या, नसतील तर नका येऊ. तुमच्या ऑफिसमध्ये राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा मिळते का तेही विचारून बघा.

अबोली:

निशिगंध, मी पण बी.फार्म., आता इथे आपोथेकमध्ये म्हणजे औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे सविस्तर लिहिते.

पहिली चांगली गोष्ट, ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मन ए1 चं (भाषेच्या पातळ्या ए1, ए2, बी1, बी2, सी1 अशा चढत जातात, ए1 सगळ्यात खालची) सर्टिफिकेट लागत नाही आणि आल्यापासून कुठलंही काम करायची परवानगी असते. पण परवानगी आहे म्हणून फार्मासिस्टचं काम करता येईल असं नाही. डॉक्टर, नर्स, फिजिओ तसाच फार्मासिस्ट हा इथे कायद्याने बांधलेला पेशा आहे, त्यासाठी आप्रोबात्सिऑन म्हणजे इथलं लायसन्स लागतं. तुम्ही म्युनिक बाजूला असाल तर अर्ज ओबरबायर्नच्या जिल्हा सरकारकडे जातो. ते आपली डिग्री तपासतात, इथल्या पाच वर्षांच्या शिक्षणाशी तुलना करतात, आणि आपल्या डिग्रीत बहुतेक वेळा फरक निघतो, मग केंटनिसप्रूफुंग नावाची ज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. ती तोंडी असते, आणि जर्मन औषध कायदा, आपोथेकचे नियम यावर भरपूर विचारतात, म्हणजे आपला अनुभव कामाला येतो पण कायदा नव्याने शिकावाच लागतो.

त्याच्या जोडीला भाषा. साधारण बी2 आणि वर फार्मसीची वेगळी भाषा परीक्षा, सी1 पातळीची. त्यात पेशंटशी बोलणं, डॉक्टरशी बोलणं आणि लिहिणं असे भाग असतात. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळ भाषेलाच जातो, बाकी सगळं तिच्या मागून येतं. मध्ये एक सोय आहे, बेरुफ्सएर्लाउबनिस म्हणजे तात्पुरती परवानगी, जास्तीत जास्त दोन वर्षांची, भाषा झाली की ती घेऊन देखरेखीखाली काम करत परीक्षेचा अभ्यास करता येतो. मी तेच केलं आणि मला त्या काळात काउंटरवर उभं राहून जे जर्मन आलं ते कुठल्याच क्लासमध्ये आलं नसतं.

आत्ता तुमच्या हातात काय आहे ते सांगते. आजपासून जर्मन सुरू करा, गोएथे म्हणजे मॅक्स म्युलर भवनचा क्लास मिळाला तर उत्तम, ऑनलाइनही चालेल, पण निघेपर्यंत ए2 तरी गाठायचा प्रयत्न करा. डिग्री, सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, कॉलेजकडून सिलॅबस विषयवार आणि तासांसकट, स्टेट फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि गुड स्टँडिंग (तुमच्यावर काही कारवाई झालेली नाही असं पत्र), हॉस्पिटलचं अनुभवपत्र ज्यात नेमकं काम काय केलं ते लिहिलेलं असेल, हे सगळं निघायच्या आधी हातात घ्या. इथे बसून कॉलेजच्या ऑफिसला फोन करत राहणं फार त्रासाचं होतं. भाषांतर मात्र तिथे करू नका, इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्यावं लागेल अशीच शक्यता जास्त.

आणि दुसरा रस्ता, औषध कंपन्यांमधली कामं, फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणं), रेग्युलेटरी (औषधांच्या सरकारी मंजुरीची कामं), क्लिनिकल ट्रायल्स. तिथे हे लायसन्स लागत नाही आणि काही टीममध्ये इंग्रजीवर भागतं. म्युनिकमध्ये अशा कंपन्या आहेत. पण त्या जागांसाठी अर्जही खूप येतात, म्हणून फक्त त्याच भरवशावर भाषा सोडू नका.

टेकडीवरचा:

घराबद्दल एवढंच, कंपनी सुरुवातीला फर्निश्ड अपार्टमेंट देणार असेल तर तिथे आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद करता येतं का हे लेखी विचारा. राहायला आल्यावर 14 दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं, ते नसेल तर टॅक्स आयडी, बँक, कीटा (पाळणाघर-बालवाडी) सगळं अडतं. घर न बघता कोणालाही डिपॉझिट पाठवू नका, कितीही गोड ईमेल आली तरी. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. आणि बऱ्याच घरांत किचनच नसतं, नुसत्या भिंती आणि नळ, तो खर्च धरा.

पारिजात:

धाकट्याचं राहिलं. कागदोपत्री एक वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला कीटात जागेचा हक्क 2013 पासून आहे, पण म्युनिकमध्ये वाट बघावी लागते. शहरात राहणार असाल तर किटा फाइंडर प्लसवर नाव घालायचं, बाहेरच्या गावात असाल तर त्या गावच्या ऑफिसमध्ये. जागा मिळाल्यावरही पहिले काही आठवडे आईबाबांपैकी एकाने सोबत बसायचं असतं, हळूहळू वेळ कमी करत. आणि मोठीची शाळा अकरा-साडेअकरा ते एकच्या मध्ये सुटते, दुपारच्या जागेसाठी वेगळा अर्ज. दिवसभराच्या सोयीचा नवा हक्क ऑगस्ट 2026 पासून येतोय पण तो पहिलीच्या मुलांपासून सुरू होतो, तुमच्या मुलीला लागू नाही. त्यामुळे पहिलं वर्ष तुम्ही सकाळचा भाषेचा क्लास आणि कागदपत्रं यालाच द्या, ते वर्ष वाया गेलं असं समजू नका, तेच तुमचं काम आहे.

निशिगंध:

सगळ्यांचे खूप खूप आभार. आमचं आता असं ठरतंय की नवरा एप्रिलच्या सुरुवातीला जाईल, आम्ही तिघं दोन-तीन आठवड्यांनी, व्हिसाचे अर्ज मात्र चौघांचे एकत्रच टाकायचे. माझ्या हॉस्पिटलने सहा महिन्यांची बिनपगारी रजा द्यायची तयारी दाखवलीये त्यामुळे घरचेही जरा शांत झालेत. जर्मनचा क्लास सोमवारपासून, मुलगीही शेजारी बसणार म्हणतेय.

अबोली, सिलॅबसबद्दल एक विचारते, माझ्या वेळचा अभ्यासक्रम आता बदललाय, कॉलेज नवीनच सिलॅबस देतंय. तो चालेल का?

अबोली:

नाही, तुम्ही ज्या वर्षांत शिकलात त्याच वर्षांचा हवा. कॉलेजकडे नसेल तर युनिव्हर्सिटीच्या अभ्यास मंडळाकडे लेखी अर्ज करा, वर्ष आणि सीट नंबर घालून, आणि प्रत्येक पानावर शिक्का मागा. मला तिथूनच मिळाला होता. वेळ लागतो, म्हणून क्लासच्या आधी हा अर्ज टाका.