आईला खोकलं की लघवी निसटते, कुणाला दाखवावं? (परभणी)

परभणीची लेक:
आई ५८ ची आहे, पाळी जाऊन लई वर्षं झाली. खोकलं, शिंकलं, घागर उचलली की लघवी निसटते म्हणायली, ते पण मी खोदून विचारलं तेव्हा. सप्ताहाला जाणं बंद केलं, लघवी लागंल म्हणून पाणी पण पिईना, अन् हे असलं ऊन! खाली बसली की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. शेजारच्या काकू म्हणतात वयानं होतंच, कॅल्शियम दे. गायनॅकला दाखवू का हाडाच्या डॉक्टरला?

लातूरची मावशी:
आधी गायनॅक. अन् पाणी तोडू देऊ नको गं, लघवी घट्ट झाली की जळजळ होते, इन्फेक्शन होतं, मग अजूनच सारखी लागते. लघवीची तपासणी अन् शुगर करून घ्या. चहा कमी करा (माझा काही सुटेना ते सोडा). मला केगलच्या व्यायामानं फरक पडला. लघवी अडवताना आवळतो तेच स्नायू, ५ सेकंद आवळायचे ५ सेकंद सोडायचे, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. पोट आवळायचं नाही, श्वास रोखायचा नाही, अन् लघवी करता करता तर करायचंच नाही. तीन महिने नेटानं करा, आठ दिवसात काय होत नसतं.

फिजिओ नांदेड:
खोकल्यावर निसटणं वेगळं अन् लागली की संडासापर्यंत पोचताच न येणं वेगळं, दोन्हीचा इलाज वेगळा, म्हणून डॉक्टरला नेमकं सांगा. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन (बायकांचं हार्मोन) कमी होतं, त्यानं तिथली त्वचा पातळ पडते, त्यावर क्रीम मिळतं पण चिठ्ठीशिवाय घेऊ नका. हात टेकून उठणं म्हणजे बहुतेक मांड्यांची ताकद उतरलीय, ती कॅल्शियमच्या गोळीनं येत नसते. खुर्चीवरून हात न लावता उठबस करायला लावा, भिंतीजवळ. अन् भाकरीसोबत पातळ वरणाचं पाणी नको, घट्ट वरण, दही, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी.

बीडकर:
ताई, आईची गर्भपिशवी काढलीय का? आमच्याकडं ऊसतोडीच्या बायकांचा हा विषय २०१९ ला विधिमंडळात गाजला, तरण्या वयात पिशव्या काढलेल्या. सोबत अंडाशयं पण काढली असतील तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी तुटलं समजा अन् हाडांची झीज तिथूनच सुरू.

परभणीची लेक:
हो दादा काढलीय, मी दुसरीत होते तेव्हा. अंडाशयाचं माहीत नाही, फाईल मामाकडं असंल.

फिजिओ नांदेड:
मग फाईल शोधाच, अन् डॉक्टरला विचारून डेक्सा (हाडांची घनता मोजायचं स्कॅन) करा, कंबर अन् खुब्याचं. फुकट कॅम्पात टाचेला मशीन लावतात त्याच्यावर विसंबू नका. डेक्साच्या रिपोर्टात टी-स्कोर उणे २.५ किंवा त्याच्या खाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली, मग नुसत्या कॅल्शियमवर भागत नाही, वेगळी औषधं लागतात. व्हिटॅमिन डी पण तपासा.

लातूरची मावशी:
अन् रात्री संडासच्या वाटेवर लाईट ठेवा बाई, घाईत पडून खुबा मोडतो.

परभणीची लेक:
ठेवते. आई म्हणायली बाई डॉक्टरच पाहिजे, परभणीत कुणी शांतपणे ऐकून घेणारी असली तर मेसेज करा ना.