चढावर गाडी उचलताना डाव्या बाजूचा अंदाज : अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. जळगावची आहे, वय ४१, क्लास लावून तीन आठवडे झाले. सपाटीला बऱ्यापैकी चालवते, पण रेल्वे पुलाच्या चढावर फुटपाथला लागून थांबा आणि परत उचला म्हटलं की हातपाय गार. आपण बसतो उजवीकडे, फुटपाथ डावीकडे, मधे अख्खं बोनट, चाक कुठंय ते दिसतच नाही. काल मला वाटलं चिकटली, उतरून बघते तर दोन फूट जागा! तुम्ही कसं शिकलात? फजितीसकट लिहा.

धुळ्याहून
ताई, सासरे एसटीत ड्रायव्हर होते, त्यांनी आधी सपाटीवरच फुटपाथपासून फूटभर अंतरावर गाडी लावून दिली आणि म्हणाले, आता सीटवर बसून बघ कड कुठं दिसते. माझ्या अल्टोत ती बोनटच्या साधारण मध्यावर येते. तिथं काचेला आतून टिकली लावली, झालं. फक्त नवरा गाडी नेऊन आला की सीट मागे सरकलेली असते, मग टिकली खोटं बोलते.

पाचोरा
माझं अंतर बरोबर होतं, वीतभर. नडलं स्टीअरिंग. निघायचंय म्हणून आधीच उजवीकडे पूर्ण फिरवून ठेवलं, क्लच पकडायच्या आत हँडब्रेक सोडला, गाडी हातभर मागे आली, आणि अशी मागे येताना तोंड जातं डावीकडे हे कोणी सांगितलंच नव्हतं. खर्रर्र! व्हीलकॅप निखळून गडगडत खाली चहाच्या गाडीपर्यंत. चहावाला उचलून घेऊन आला, म्हणे, 'भाऊ, काहीच व्हस नही.' तेव्हापासून चाक सरळ. हाफ क्लचला, म्हणजे क्लच अर्धा सोडला की, इंजिनचा आवाज जड होतो, बोनट जरासं उचलल्यासारखं वाटतं, तेव्हाच हँडब्रेक सोडायचा, गाडी पुढे हलली की मग स्टीअरिंग.

चाळीसगाव
फुटपाथ शहरात हो, कन्नड घाटात कुठला! तिथं डांबराची कड हाच फुटपाथ, आणि पुढे टेम्पो थांबला की त्याला चिकटू नका, तोही मागे सरकतो. त्याची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत एवढी जागा सोडा. साइडपट्टी खाली खचलेली असेल तर डावं चाक उतरवायचंच नाही, पावसाळ्यात तर नाहीच, मी एकदा उतरवलं आणि दोन जणांनी ढकलली तेव्हा निघाली.

नंदुरबार
नुसतं लावून जायचं असेल तर : तोंड चढाकडे असेल तर चाकं उजवीकडे वळवून ठेवा, उताराकडे असेल तर डावीकडे, गाडी सरकली तरी फुटपाथला अडते. फुटपाथ नसेल तर दोन्ही वेळा डावीकडेच. बाकी नवीन गाड्यांचं हिल होल्ड चढावर ब्रेकवरचा पाय काढल्यावरही गाडी दोन-तीन सेकंद धरतं, पण माझं म्हणणं, शिकताना त्याच्या भरवशावर राहू नका. चढावर मागे न सरकता गाडी उचलणं १९८९ च्या मोटार वाहन नियमांत टेस्टसाठी लिहिलेलंच आहे.

धागाकर्ती
धुळ्याच्या ताई, टिकली लावली! आज पहाटे सहाला पुलावर गेले. दोनदा बंद पडली, मागे दूधवाला हॉर्न न वाजवता थांबला बिचारा. तिसऱ्यांदा जागची हलली, मागे गेली नाही. वर जाऊन कडेला लावली आणि उतरून शिवणकामाच्या टेपनं मोजलं. नऊ इंच.