डेटा सेंटरसाठी डीसीआयएम प्रणाली घेताना आधी काय ठरवावे?

सर्व्हरकक्ष यांचा प्रश्न:

नमस्कार. आमच्या कंपनीची स्वतःची दोन डेटा सेंटर आहेत आणि तिसऱ्या ठिकाणी एका को-लोकेशन केंद्रात भाड्याने जागा घेतलेली आहे. तिन्ही मिळून दोनशेच्या आसपास रॅक भरतात. त्यांची नोंद आजवर एक्सेलमध्येच ठेवली गेली आहे. सर्व्हर आणि नेटवर्कची पत्रके आयटी विभागाकडे असतात, यूपीएस, पॅनेल आणि एसीची माहिती देखभाल विभागाकडे असते, तर मालमत्तेची यादी लेखा विभाग सांभाळतो. नवी यंत्रे येणार असे कळले की ती कुठे बसवायची एवढ्या एका प्रश्नासाठी तिन्ही विभागांत फोनाफोनी होते आणि तरीही शेवटी कोणीतरी कक्षात जाऊन प्रत्यक्ष पाहून येतोच.

व्यवस्थापनाने डीसीआयएम प्रणाली (डेटा सेंटरमधली यंत्रे, जागा, वीज आणि थंडावा यांची एकत्रित नोंद व देखरेख करणारे सॉफ्टवेअर) घेण्यास तत्त्वतः मान्यता दिली आहे. आम्ही काही विक्रेत्यांची सादरीकरणे पाहिली. त्रिमितीय आराखडे आणि तापमानाचे रंगीत नकाशे सर्वांकडे आहेत, त्यामुळे निवड करण्याचा निकष त्यातून हाती लागला नाही. देखरेख, मालमत्ता-नोंद, क्षमता-नियोजन आणि केबल-नोंद असा पूर्ण संच एकदम घ्यावा की एकेक भाग घेत जावे? जुनी पत्रके थेट आयात करावीत की नव्याने मोजणी करावी? आणि या प्रणालीची जबाबदारी आयटीकडे असावी की देखभाल विभागाकडे? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांचे मत हवे आहे.

जुना_ऑपरेटर यांचे उत्तर:

आपल्या प्रश्नातच उत्तराची सुरुवात आहे. नवी यंत्रे कुठे बसतील, हा प्रश्न प्रणालीने कोणालाही फोन न करता सोडवला पाहिजे, एवढेच पहिल्या टप्प्याचे उद्दिष्ट ठेवावे. त्यासाठी रॅकमधली मोकळी जागा, त्या रॅकला उपलब्ध असलेली वीज, तिथपर्यंत पोचणारी थंड हवा आणि मोकळे नेटवर्क पोर्ट या चारच गोष्टी खात्रीने ठाऊक असाव्या लागतात. जो विभाग किंवा जे मॉड्यूल या चारांपैकी कशाचेही उत्तर देत नाही, ते पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्यास हरकत नाही. त्रिमितीय आराखडा पाहुण्यांना दाखवायला उत्तम असतो. रोजचे काम करणारी माणसे रॅकचे साधे समोरचे चित्र आणि शोधाची चौकट यांच्यापलीकडे फारशी जात नाहीत, असा माझा अनुभव आहे.

जुनी पत्रके जशीच्या तशी आयात करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. पत्रकातील चूक एकदा प्रणालीत शिरली की तिला छापील अहवालाचा अधिकार प्राप्त होतो आणि मग तिच्याविषयी शंका घेणारा माणूसच चुकीचा ठरतो. पत्रकांचा उपयोग मोजणीला निघताना हातात धरण्याची यादी म्हणून करावा. प्रत्येक यंत्राची ओळख सीरिअल नंबरवरून पक्की करावी, कारण होस्टनेम (यंत्राचे नेटवर्कवरचे नाव) बदलते, मालमत्तेचे स्टिकर निघून जाते आणि लेखा विभागाच्या यादीत तर पुष्कळदा पूर्ण खरेदीची एकच ओळ असते.

मोजणीच्या आधी काही संकेत लेखी ठरवून घ्यावेत, नाहीतर दोन माणसांनी केलेल्या नोंदी एकमेकींशी जुळणार नाहीत. बहुतेक रॅकवर यू-क्रमांक (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचे एकक) खालून वर छापलेले असतात, पण वरून खाली क्रमांक असलेले रॅकही असतात आणि एकाच कक्षात दोन्ही प्रकार सापडू शकतात. दोन यू उंचीचे यंत्र नोंदवताना खालचा क्रमांक लिहायचा की वरचा, हे ठरलेले हवे. अर्ध्या खोलीचा स्विच मागच्या बाजूने बसवला असेल तर पुढून तो यू रिकामा दिसतो. उभे पीडीयू (रॅकमधल्या यंत्रांना वीज वाटून देणाऱ्या आउटलेटच्या पट्ट्या) एकही यू व्यापत नाहीत, तरी मागे केबलला जागा उरू देत नाहीत. अशा गोष्टी सादरीकरणात कधीच येत नाहीत, मोजणीच्या पहिल्याच सकाळी मात्र एकामागून एक समोर येतात.

जबाबदारीविषयी माझे मत असे की प्रणालीचा मालक एक असावा आणि माहितीचे मालक अनेक असावेत. पॅनेल, ब्रेकर आणि यूपीएस यांच्या नोंदी देखभाल विभागानेच बदलाव्यात, रॅकमधल्या यंत्रांच्या नोंदी आयटीने. दोघांच्या सीमेवर रॅकमधला पीडीयू येतो आणि तंटा तिथेच होतो, म्हणून त्याच्या नोंदीचा मालक नाव घेऊन ठरवावा. याहून महत्त्वाचे असे की बदलाची विनंती प्रणालीत नोंदवल्याशिवाय कोणतेही यंत्र कक्षात शिरू नये आणि काम झाल्याची नोंद झाल्याशिवाय ती विनंती बंद होऊ नये. ही शिस्त नसेल तर मोजणी कितीही काटेकोर केलेली असली तरी सहा महिन्यांत तिची किंमत उरत नाही.

वीजभार यांचे उत्तर:

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. त्यातील 'उपलब्ध वीज' या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण निवडीचा खरा निकष मला तिथे दिसतो. एका रॅकला ए आणि बी अशा दोन फीडमधून (स्वतंत्र वीजवाहिन्यांमधून) ३२ अँपिअरचे दोन पीडीयू दिलेले आहेत, असे धरा. एकावर २४ अँपिअर आणि दुसऱ्यावर २३ अँपिअर भार आहे. इशाऱ्याची मर्यादा ८० टक्के, म्हणजे २५.६ अँपिअर ठेवली असेल तर दोन्ही पीडीयू पडद्यावर हिरवे दिसतात. ए फीड देखभालीसाठी बंद केल्यावर दुहेरी वीजपुरवठा असलेल्या सर्व सर्व्हरांचा भार बी वर जातो आणि ३२ अँपिअरच्या ब्रेकरवर ४७ अँपिअर येतात. तो ब्रेकर फार काळ टिकणार नाही आणि मग पूर्ण रॅक एकदम बंद पडेल. म्हणून इशारा एकेका पीडीयूवर नको, जोडीच्या बेरजेवर हवा. विक्रेत्याला हेच उदाहरण द्यावे आणि एखादा फीड गेल्यास काय होईल हे प्रणाली आधी दाखवते का, ते आपल्यासमोर करून दाखवायला सांगावे. एखाद्या सर्व्हरच्या दोन्ही केबल चुकून एकाच फीडला लावलेल्या असतील तर तेही तिने ओळखले पाहिजे आणि त्यासाठी वीज-केबलची नोंद आउटलेटच्या क्रमांकापर्यंत करावी लागते.

दुसरा मुद्दा यंत्राच्या पाटीवर छापलेल्या वॅटचा. प्रणालीबरोबर येणाऱ्या यंत्र-संग्रहात बहुधा पाटीवरचे आकडे असतात. सर्व्हरला ८०० वॅटचे दोन पॉवर सप्लाय असले म्हणजे तो १६०० वॅट खातो असे नाही. एक दुसऱ्याला पर्याय म्हणून असतो आणि प्रत्यक्ष वापर एकाच्याही क्षमतेहून बराच कमी असू शकतो. पाटीच्या आकड्यांवर नियोजन केले तर अर्धे रिकामे रॅक कागदावर भरलेले दिसतात आणि कंपनी गरज नसताना नवीन जागेचा विचार करू लागते. त्यामुळे प्रत्यक्ष मोजलेला उच्चांक घ्यावा, त्यावर काही राखीव ठेवावी आणि ती राखीव किती असावी हे विक्रेत्याने नव्हे, आपण ठरवावे.

मोजमापाची खात्री मात्र हातानेच करावी लागते. काही पीडीयू एसएनएमपीवरून (नेटवर्कवरून यंत्रांची माहिती वाचण्याच्या पद्धतीने) अँपिअरचा दहावा भाग हे एकक धरून आकडा देतात, त्यामुळे १२.४ च्या जागी १२४ वाचला जातो. मॉडबस या औद्योगिक यंत्रांच्या संवाद-पद्धतीत ३२ बिटांचे मूल्य १६ बिटांच्या दोन रजिस्टरांत येते आणि त्यांचा क्रम उलटा धरला की किलोवॅट-तासांचा आकडा अब्जांत जातो. इतकी ढोबळ चूक निदान लगेच दिसते. दोन रॅकच्या पीडीयूंचे आयपी पत्ते आपसांत बदलले गेले असतील तर आकडे अगदी वाजवी दिसतात आणि सर्वस्वी खोटे असतात. प्रत्येक पीडीयूसमोर उभे राहून त्याच्या पडद्यावरचा आकडा प्रणालीतल्या आकड्याशी ताडून पाहण्याला पर्याय नाही.

मुक्तस्रोत_समर्थक यांचे उत्तर:

पूर्ण संच एकदम घेण्याच्या मी स्पष्ट विरोधात आहे. दोनशे रॅकसाठी नेटबॉक्स या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करता येते. ते डिजिटलओशन कंपनीत तयार झाले आणि २०१६ मध्ये मुक्तस्रोत म्हणून खुले करण्यात आले. रॅक, यंत्रे, केबल, पॅनेल, वीज-फीड आणि आयपी पत्ते यांची नोंद त्यात उत्तम होते आणि सर्व माहिती एपीआयवरून (दुसऱ्या सॉफ्टवेअरला माहिती देण्याच्या जोडणीतून) बाहेर काढता येते. मर्यादाही सांगतो: कक्षाची अपेक्षित स्थिती काय असावी, याची नोंद ते ठेवते, प्रत्यक्ष वीज किंवा तापमान ते मोजत नाही. देखरेखीसाठी आपल्याकडे एखादी प्रणाली आधीच असेल तर ती चालू ठेवावी आणि यंत्राच्या एकाच ओळखीने दोन्ही जोडाव्यात.

विक्रेत्याचा संच घ्यायचाच असेल तर बाजारातली अस्थिरता लक्षात घ्यावी. एनलाइट ही या क्षेत्रातली जुनी कंपनी २०२१ मध्ये कॅरिअरने विकत घेतली आणि व्हर्टिव्हने आपला ट्रेलिस हा संच पुढे बंदच केला. ही कोणाची निंदा नव्हे. परंतु आपली माहिती सर्व संबंधांसह, म्हणजे कोणती केबल कुठून कुठे जाते यासकट, बाहेर काढता येईल अशी अट करारात घालावी आणि चाचणीच्या काळातच ती एकदा काढून पाहावी. केवळ यंत्रांची यादी सीएसव्हीमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) मिळणे पुरेसे नाही.

सर्व्हरकक्ष:

तिघांचेही आभार. फीड गेल्यावरच्या भाराचे उदाहरण मी आमच्या निकषांत शब्दशः घेत आहे. दोन शंका उरल्या आहेत. को-लोकेशन केंद्रात आमच्या रॅकच्या वरची वीजव्यवस्था आमच्या ताब्यात नाही. तिथे काय करावे? दुसरे असे की आमच्या माहिती-सुरक्षा विभागाचा या प्रणालीलाच आक्षेप आहे. सर्व पीडीयू आणि यूपीएस एकाच जागेवरून दिसणे त्यांना धोक्याचे वाटते.

नेटवर्क_पहारा यांचे उत्तर:

सुरक्षा विभागाचा आक्षेप निराधार नाही, तेव्हा त्यांना विरोधक न मानता प्रकल्पात सुरुवातीपासून घ्यावे. २०२२ च्या सुरुवातीला सायबल या संस्थेच्या संशोधकांनी इंटरनेटवर उघड्या असलेल्या २०,००० हून अधिक डीसीआयएम आणि तत्सम प्रणाली शोधून दाखवल्या होत्या. त्याच वर्षी एपीसीच्या स्मार्ट-यूपीएस यंत्रांमधील टीएलएसस्टॉर्म या नावाने ओळखल्या गेलेल्या त्रुटीही उघड झाल्या. ज्या यंत्रांना आपण वर्षानुवर्षे केवळ विजेची पेटी समजत आलो, त्यांच्यात संगणक आहे आणि त्यालाही पॅच लागतात, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी अजून कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

व्यवहारात इतके करावे. पीडीयू, यूपीएस आणि तापमान-संवेदक यांचे वेगळे व्यवस्थापन-नेटवर्क ठेवावे आणि त्यात केवळ डीसीआयएमच्या संकलक सर्व्हरला प्रवेश द्यावा. एसएनएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) उघड स्वरूपात जाते, म्हणून तिसरी आवृत्ती प्रमाणीकरण आणि कूटलेखनासह वापरावी. पीडीयू आणि यूपीएसमधली जी जुनी नेटवर्क कार्डे ती आवृत्ती समजू शकत नाहीत, त्यांची बदली अंदाजपत्रकात धरावी. नियोजनासाठी वाचनाचा अधिकार पुरतो. आउटलेट दूरवरून बंद-चालू करण्याची सोय विक्रेते मोठ्या कौतुकाने दाखवतात. पहिल्या टप्प्यात ती प्रणालीला देऊच नये. एवढे लेखी दिले की सुरक्षा विभागाचा आक्षेप बराच निवळतो.

जुना_ऑपरेटर:

को-लोकेशनविषयी: आपल्या रॅकमधले पीडीयू आपले असतील तर तिथपर्यंतचे मोजमाप आपणच करावे आणि ब्रेकरच्या स्तरावरचे आकडे केंद्रचालकाकडून करारानुसार मागावेत. अनेक चालक ते पोर्टलवर किंवा एपीआयवरून देतात. मिळाले नाहीत तर प्रणालीत त्या फीडची कमाल मर्यादा करारातल्या आकड्याइतकी नोंदवावी आणि ती मोजलेली नसून कराराची आहे, असा शेरा ठेवावा. येणाऱ्या हवेचे तापमान मात्र आपण स्वतः मोजू शकता. अ‍ॅशरेने (वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने) सुचवलेली १८ ते २७ अंश सेल्सिअसची कक्षा यंत्रात शिरणाऱ्या हवेसाठी आहे, तेव्हा संवेदक रॅकच्या पुढच्या बाजूला असावा आणि वरच्या भागात एक तरी असावा, कारण मागची गरम हवा वरून वळून पुढे येते ती प्रथम तिथेच लागते. मागच्या दारावर बसवलेल्या संवेदकाचा आकडा पाहून चालकाकडे तक्रार केली तर ती टिकणार नाही.

अजून एक, कारण व्यवस्थापनासमोर पीयूईचा आकडा ठेवण्याचा मोह होईलच. पीयूई म्हणजे केंद्राची एकूण ऊर्जा भागिले आयटी यंत्रांची ऊर्जा. आयटीची ऊर्जा यूपीएसच्या बाहेर मोजली, पीडीयूच्या बाहेर मोजली की यंत्राच्या प्रवेशाशी मोजली, त्यावर उत्तर बदलते. आयएसओ आणि आयईसीच्या ३०१३४-२ या मानकात त्यासाठी वेगळ्या श्रेणीच दिल्या आहेत. आपल्या दोन केंद्रांत मोजणीची जागा वेगळी असेल तर त्यांची तुलना करू नये. शिवाय रिकामे चालणारे सर्व्हर बंद केले की एकूण वीज कमी लागते, पण एसी आणि यूपीएसचा स्थिर खर्च त्या प्रमाणात घटत नाही आणि पीयूई उलट वाढतो. प्रकल्पाचे यश या एका आकड्याला बांधले तर चांगले काम केल्याबद्दल खुलासा देण्याची पाळी येईल. त्याऐवजी नव्या यंत्राची विनंती आल्यापासून जागा निश्चित होईपर्यंत किती वेळ लागतो, तो आजच नोंदवायला सुरुवात करावी. हे करायला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही आणि खरेदीनंतर तुलना करायला आधीचा आकडा हाताशी राहतो.

सर्व्हरकक्ष:

ठीक आहे. सर्वात लहान केंद्रातील एका कक्षापासून सुरुवात करण्याचा प्रस्ताव मी तयार करत आहे. त्यात मोजणी आधी, दोन प्रणालींची समांतर चाचणी नंतर आणि खरेदीचा निर्णय शेवटी, असा क्रम ठेवतो. पीडीयूच्या नोंदीचा मालक कोण, हे देखभाल विभागाबरोबरच्या पहिल्याच बैठकीत ठरवून घेईन.