मदत हवी आहे : कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या शिकारीची पूर्वतयारी

नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या जवळ राहतो. कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि काजूची बागायत हा आमचा व्यवसाय. माझा मामेभाऊ बऱ्याच वर्षांपासून डेन्व्हरला स्थायिक आहे आणि दर वर्षी शरद ऋतूत मित्रांबरोबर रॉकी पर्वतात एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जातो. पुढच्या वर्षी मी सोबत यावे, आणि तेही नुसता बघ्या म्हणून नव्हे तर स्वतःच्या नावाचा परवाना काढून यावे, असा त्याचा आग्रह आहे. होकार देण्यापूर्वी या विषयातील जाणकारांकडून काही गोष्टी समजून घ्याव्यात, म्हणून हा धागा काढत आहे.

गैरसमज नको म्हणून सुरुवातीलाच सांगतो की, हा धागा भारतातील शिकारीविषयी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे ती बंद झाली आणि ती बंद का असावी हे आमच्या भागातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला विषबाधेने चार वाघ मेले, ते आमच्याच तालुक्यात. कोलोरॅडोतली व्यवस्था निराळी आहे. तेथे अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत, किती मारायचे हे राज्याचे वन्यजीव खाते दर वर्षी ठरवते आणि परवान्याच्या पैशावर त्या खात्याचा बराचसा कारभार चालतो. हे योग्य की अयोग्य यावर स्वतंत्र धागा निघू शकेल. येथे कृपया तो वाद नको.

माझा अनुभव असा. शेतराखणीच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक वडिलांच्या काळापासून आमच्या घरात आहे. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि एरवी माकडांना पळवण्यासाठी हवेत बार काढण्यापलीकडे तिचा उपयोग होत नाही. रायफल मी कधी हाताळलेली नाही. वय पन्नाशीच्या पुढे, गुडघे ठीक, रोज बागायतीत चढउतार असते. पण आमची बागायत समुद्रसपाटीपासून फारशी उंच नाही आणि संपूर्ण गोव्यातले सर्वांत उंच शिखरसुद्धा हजार मीटरच्या थोडेसेच वर जाते. भावाचा तळ मात्र फ्लॅट टॉप्सच्या भागात सुमारे तीन हजार मीटरवर असतो.

आता प्रश्न. पर्यटक व्हिसावर आलेल्या भारतीय माणसाला तेथे रायफल कायदेशीरपणे हातात धरता येते का, आणि येत असल्यास कोणत्या कागदावर? माझा इथला शस्त्रपरवाना तेथे काही कामाचा आहे का? परवाना सोडतीतून मिळतो की थेट विकत घेता येतो, याविषयी भाऊ एक सांगतो आणि त्याचा मित्र दुसरेच सांगतो. उंचीची सवय होण्यासाठी गोव्यात राहून काही करता येईल का? आणि ज्या प्रश्नाने मला सर्वांत जास्त घेरले आहे तो असा की, जनावर पडल्यानंतर तीनशे किलोंचा तो देह, गाडीरस्त्यापासून चार-पाच किलोमीटर आत, दोन-तीन माणसे नासू न देता खाली आणतात तरी कसा? बार अचूक लागेल की नाही याची चिंता सरावाने कमी होईल. ही चिंता सरावाने कमी होण्यासारखी दिसत नाही.

शिंगे, कातडे किंवा मांस भारतात आणण्याचा माझा विचार नाही, त्यामुळे त्याविषयी कोणी तसदी घेऊ नये.

प्रतिसाद (मूळ मडगावचे, सध्या अमेरिकेत)

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास मनाई आहे. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यांपैकी आपल्या उपयोगाचा एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. याचा व्यावहारिक अर्थ असा की, परवाना खिशात आल्याशिवाय भावाच्या रायफलीला हात लावायचा नाही, नेमबाजीच्या मैदानावर सरावासाठीसुद्धा नाही. लोकांचा समज असा असतो की शिकारीच्या दिवशी कागद असला म्हणजे झाले, आणि तोवर दोन आठवडे सराव करून ते मोकळे झालेले असतात. आपली बंदूक भारतातून नेण्याच्या फंदात पडू नये. त्यासाठी निराळा आयात परवाना काढावा लागतो आणि एल्कसाठी ती बंदूक उपयोगाचीही नाही.

आपला भारतीय शस्त्रपरवाना तेथे शून्य कामाचा. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत परवान्यासाठी शिकारी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. पन्नाशी ओलांडलेल्यांना अभ्यासक्रमाऐवजी थेट परीक्षा देण्याची सवलत आहे. तेही न जमल्यास एका वर्षापुरते शिकाऊ प्रमाणपत्र मिळते, ज्यात प्रमाणपत्रधारक प्रौढ मार्गदर्शक सतत नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असावा लागतो. माझे मत विचाराल तर परीक्षाच द्यावी, कारण तिच्या निमित्ताने बंदुकीची नळी कुठे रोखायची आणि कुंपण ओलांडताना काय करायचे हे वाचले तरी जाते.

भाऊ आणि त्याचा मित्र, दोघेही बरोबर आहेत. सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. मात्र रायफलीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामासाठी, म्हणजे ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या पूर्वार्धात, बऱ्याच युनिटांमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांमध्ये, नर एल्कचा परवाना ऑगस्टपासून सरळ विकत मिळत आला आहे. परराज्यातील आणि परदेशातील माणसाला तो साधारण आठशे डॉलरच्या आसपास पडतो. हे नियम बदलत असतात, धनुष्यबाणाच्या हंगामाचे तर २०२५ पासून बदललेच. म्हणून खात्याची त्या वर्षीची पुस्तिका वाचूनच विमानाचे तिकीट काढावे. कोलोरॅडोत परदेशी माणसाला वाटाड्या नेमण्याची सक्ती नाही. अलास्कात ती आहे, वायोमिंगमध्ये वनसंरक्षित निर्मनुष्य क्षेत्रांपुरती आहे. त्या दृष्टीने भावाचे राज्य आपल्याला सोयीचे पडले.

आणखी एक. थेट विकत मिळणाऱ्या परवान्यावर बहुतेक युनिटांत वाटेल तो नर मारता येत नाही. एका शिंगाला किमान चार टोके हवीत, किंवा कपाळालगतचा फाटा किमान पाच इंचांचा हवा. संध्याकाळच्या उजेडात, झाडीत अर्धे अंग लपवून उभ्या जनावराची टोके दुर्बिणीतून मोजता येईपर्यंत बंदुकीच्या घोड्यावरून बोट दूर ठेवणे, हेच या शिकारीतले खरे शिक्षण आहे.

प्रतिसाद (फोंडा, व्यवसायाने वैद्यक)

गोव्यात राहून विरळ हवेची सवय होत नाही. पायांची आणि दमाची तयारी मात्र करता येते. पाठीवर वजन घेऊन पारोड्याला चंद्रनाथाच्या डोंगराच्या पायऱ्या चढा, चोर्ला घाटाच्या बाजूला चाला आणि उतरण्याचाही तेवढाच सराव ठेवा, कारण वजनासह उतरताना गुडघे बोलतात. उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि धडधाकट माणसालाही होतो. डेन्व्हर १६०० मीटरवर आहे. तेथे दोन-तीन दिवस राहून, मग मधल्या उंचीवर एक-दोन रात्री काढून तळावर जावे. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध प्रतिबंधासाठी वापरतात, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास ते चालेलच असे नाही, त्यामुळे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. डोके दुखत असताना आणखी वर चढू नये. पाऊल अडखळू लागले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर शिकार सोडून त्याच क्षणी खाली उतरावे. या बाबतीत सकाळपर्यंत थांबू असे म्हणू नये.

प्रतिसाद (डिचोली)

धागाकर्त्यांनी वाद नको म्हटले आहे म्हणून फक्त सुचवतो. परवाना न काढता, नुसते सोबत गेलात तर चालणार नाही का? डोंगर दिसेल, एल्क दिसेल, पैसेही वाचतील.

प्रतिसाद (पूर्वी कोलोरॅडोत नोकरीनिमित्त राहिलेला, आता पणजीत)

वरची सूचना वाईट नाही. सोबत चालायला आणि मांस वाहायला परवाना लागत नाही. पण हाका घालणे किंवा आवाज काढून जनावर बोलावणे ही कायद्याच्या दृष्टीने शिकारच ठरते, आणि परवाना नसलेल्या परदेशी पाहुण्याच्या हाती ‘जरा धर’ म्हणून रायफल देणेही चालत नाही, हे तुमच्या भावाच्या मित्रमंडळींना आधीच सांगून ठेवा.

आता मांसाविषयी. अख्खे जनावर कोणी उचलत नाही. जागेवरच ते सुटे करतात. बहुतेक जण पोट न फाडता काम करतात. जनावर कुशीवर ठेवायचे, पाठीच्या कण्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत कातड्याला चीर द्यायची आणि कातडे पोटाकडे सोलत न्यायचे. मग पुढचा पाय खांद्यासकट सुटा होतो. तेथे सांध्यात हाड नसते, सुरी नुसती फिरते. मागची मांडी खुब्याच्या सांध्यातून सोडवावी लागते आणि नवशिक्याचा अर्धा तास तेथेच जातो. त्यानंतर कण्यालगतचा लांब पट्टा आणि मानेचे मांस काढायचे, देह उलटा करून दुसऱ्या बाजूला तेच करायचे आणि शेवटी बरगड्यांच्या मागून हात घालून आतले दोन मऊ पट्टे ओढून काढायचे. हे सगळे भाग सुती पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल असे फांदीला टांगायचे. प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको, तिच्यात ऊब कोंडते. एल्कचे कातडे जाड असते, थंडीतही आतली उष्णता ते धरून ठेवते आणि नासण्याची सुरुवात मांडीच्या हाडालगत होते. म्हणून बाहेर बर्फ आहे या भरवशावर जनावर रात्रभर तसेच ठेवू नये. नर किंवा मादी असल्याचा पुरावा एखाद्या भागाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्यावा लागतो. सफाईच्या भरात तो कापून टाकू नका. परवान्यासोबतचा टॅग सही करून, तारीख घालून लावायचा. खाण्यायोग्य मांस रानात टाकून येणे हा गुन्हा आहे, मग ते कितीही लांब असो.

मोठ्या नराचे हाडाविरहित मांस नव्वद-शंभर किलो भरते. तिघे जण असाल तर प्रत्येकी किमान दोन खेपा धरा. फ्लॅट टॉप्सचा मधला भाग संरक्षित निर्मनुष्य क्षेत्र आहे आणि तेथे चाकाची हातगाडीसुद्धा चालत नाही. पाठ किंवा घोडा, एवढेच पर्याय. तुमच्या जागी मी असतो तर शिकारीआधीच एखाद्या घोडेवाल्याशी मांस वाहण्याचे ठरवून ठेवले असते आणि गाडीरस्त्यापासून तीन किलोमीटरच्या पलीकडे दिसलेल्या जनावराकडे नुसते पाहून परतलो असतो. या शेवटच्या मुद्द्यावर भाऊ हसेल. हसू द्या.

त्या राज्यात हरणांना आणि एल्कना होणारा एक असाध्य मेंदूविकार आहे. तो पहिल्यांदा १९६७ मध्ये तेथल्याच फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातील हरणांत दिसला. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित जनावराचे मांस खाऊ नये असाच आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. डोके तपासणीसाठी द्यावे आणि अहवाल येईपर्यंत मांस वेगळे गोठवून ठेवावे.

कपडे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या. सुती बनियन घामाने भिजते आणि डोंगरमाथ्यावर थांबताच अंग गोठवते. रायफलीच्या हंगामात कमरेच्या वर पाचशे चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. पानाफुलांची नक्षी असलेले नारिंगी चालत नाही.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वरचे सर्व वाचून मी असे ठरवले आहे की, परीक्षा द्यायची आणि परवानाही काढायचा, पण दुसऱ्या हंगामाऐवजी तिसऱ्या हंगामाचा, म्हणजे हवा अधिक थंड मिळेल आणि मांस टिकण्याच्या दृष्टीने थोडी सवड राहील. घोडेवाल्याचे भावाला आजच कळवले. तो खरोखरच हसला.

एक मुद्दा वरच्या प्रतिसादांत आला नाही, तो इतरांच्या उपयोगासाठी नोंदवतो. भाऊ मला उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र भेट देणार होता, कारण त्या डोंगरात मोबाइल चालत नाही. तेथे ते वापरावे, पण परतताना त्याच्याकडेच ठेवावे. परवानगीशिवाय असे यंत्र भारतात आणता येत नाही आणि डिसेंबर २०२४ मध्ये दाबोळी विमानतळावर एका परदेशी बाईंना त्यावरूनच अडवले होते. उसन्या घेतलेल्या पाठपिशवीचा आणि जाकिटाचा एकूण एक खिसाही परतण्यापूर्वी उलटा करून पाहावा, कारण विसरलेले एक काडतूस विमानतळावर सापडले तर थेट शस्त्र कायद्याखाली प्रकरण होते.

उरलेला प्रश्न बुटांचा आहे. भाऊ आतून लोकर असलेले, घोट्याच्या वर जाणारे चामडी बूट घ्यायला सांगतो. पण ते रुळण्यासाठी आधी काही आठवडे घालून चालावे लागतात, आणि आमच्याकडच्या दमट हवेत ते घालून चालणे पायांना सोसेल असे वाटत नाही. कोणी असे बूट गोव्यात वापरून रुळवले आहेत का? की तेथे पोहोचल्यावर घेऊन डेन्व्हरच्या मुक्कामात रुळवता येतात? मोज्यांविषयीही कोणाला सुचवायचे असल्यास जरूर लिहावे.