24 आठवड्यांनंतर मेडिकल बोर्ड हवंच कशाला?

कलमकसाई
2021 च्या दुरुस्तीने एमटीपी म्हणजे वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यातली मर्यादा ठरावीक गटांसाठी 20 वरून 24 आठवड्यांवर गेली, त्याचं कौतुक झालं. पण 24 नंतर गर्भात गंभीर व्यंग निघालं, तर निर्णय ना बाईचा ना तिच्या डॉक्टरचा. तो सरकारने नेमलेल्या डॉक्टरांच्या बोर्डाचा. 24 पर्यंत दोन डॉक्टरांचं मत पुरतं, मग 25 व्या आठवड्यात त्याच दोघांची अक्कल कुठे जाते?
वेळ कसा जातो बघा. व्यंग शोधणारी सोनोग्राफी, म्हणजे अ‍ॅनोमली स्कॅन, होतो 18 ते 20 आठवड्यांत. हृदयाबद्दल शंका आली की फीटल एको, गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे 22 ते 24. गर्भजलातल्या पेशी वाढवून पूर्ण कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करायचा तर आणखी दोन-तीन आठवडे. कुणीही आळस न करता मर्यादा ओलांडली जाते.

टाका
साफ असहमत. ते दोघे बहुधा स्त्रीरोगतज्ज्ञच असतात. हृदयातलं छिद्र जन्मानंतर शस्त्रक्रियेने बुजेल का, हे बालरोगतज्ज्ञाने सांगायचं. बोर्डात तो असतो, रेडिओलॉजिस्टही असतो. शिवाय या टप्प्यावर नुसत्या कळा आणल्या तर मूल जिवंत जन्मू शकतं. ते टाळायचं तर आधी सुईने गर्भाच्या हृदयात ते थांबवणारं पोटॅशियम क्लोराइड द्यावं लागतं. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयातलं 26 आठवड्यांचं प्रकरण याच प्रश्नावर अडलं होतं. गर्भात व्यंग नव्हतं आणि शेवटी परवानगी नाकारली गेली. आणि मुदत आहे की: अर्ज आल्यापासून 3 दिवसांत मत, 5 दिवसांत गर्भपात.

कलमकसाई
मुदत कागदावर आहे. ती चुकली तर काय, यावर नियम गप्प. बोर्डाच्या नकारावर कायद्यात अपीलही नाही, थेट कोर्टात रिट याचिका करा. महाराष्ट्रातल्या 14 वर्षांच्या बलात्कारपीडित मुलीच्या 2024 च्या प्रकरणात बोर्डाने आधी गर्भपाताला अनुकूल मत दिलं, मग तिला पुन्हा न तपासताच 'स्पष्टीकरण' म्हणून उलटं कळवलं. सर्वोच्च न्यायालयाला नवं बोर्ड नेमावं लागलं. याला तज्ज्ञता म्हणायचं?

निमसरकारी
ते उदाहरण इथे अर्धंच लागू पडतं. कायद्यातलं बोर्ड फक्त गर्भातल्या व्यंगासाठी आहे. 24 नंतरच्या बलात्कारपीडितेसाठी कायद्यात दारच नाही, म्हणून तिला कोर्टात जावं लागतं. बोर्ड मोडून ते दार उघडणार नाही.
खरी अडवणूक 24 च्या आतच होते. जिथे बोर्ड लागत नाही तिथेही 'कोर्टाचा कागद आणा' म्हणतात. नवऱ्याची सही मागतात, जी कायद्यात कुठेही नाही; संमती एकट्या बाईची पुरते, 18 च्या आतली किंवा मानसिक आजारी असेल तरच पालकांची. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2022 च्या निकालाने अविवाहितांना 24 पर्यंतचा हक्क दिला आणि असल्या जादा अटींवर ताशेरेही ओढले. तरी सही मागतातच, कारण नवरा नंतर भांडायला येईल ही धास्ती. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तर आठवडे मोजायचेच नाहीत. कलम 5, एका डॉक्टरचं मत, बस्स.
जाता जाता: गर्भाचं वय पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीवरूनच धरायला लावा. उशिराच्या स्कॅनमध्ये आठवडा-दोन आठवड्यांचा फरक सहज पडतो. 23 आठवडे 5 दिवस की 24 आणि 2, यावर सगळं फिरतं. पहिला रिपोर्ट हरवला की वाद घालायला आधारच उरत नाही.

टाका
पटलं. नकाराची कारणं बोर्डाने लेखी द्यावीत आणि बाईला न तपासता मत बदलू नये, एवढं नियमात घाला. बोर्ड मात्र राहू दे.

कलमकसाई
मग हेही घाला: 3 दिवसांत उत्तर नाही आलं तर होकार समजायचा.

टाका
समजून घेतलेल्या होकारावर ती सुई कोण टोचणार?